गुढीच्या फोटोखालची ओळ

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणी इंग्रजीत काही विचारलं की झालं! विचारणारा कोण, कशासाठी विचारतोय, काही बघायचे नाहीत. त्र्याण्णव सालच्या पाडव्याला हेच नडलं.

मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांची युगादी. दाराला आंब्याची पानं, हातावर कडुनिंब नि गूळ. गुढी फक्त आमचीच. कैक पिढ्या इथे काढून आमची मराठी निम्मी कन्नड झाली, पण गुढी काही सुटली नाही. तिला दरवर्षी आईचं तेच केशरी रेशमी लुगडं. त्या सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक परदेशी वार्ताहर फाटकाशी थांबला, हे काय म्हणून विचारू लागला.

"व्हिक्टरी फ्लॅग, सर!" अण्णा छाती काढून म्हणाले.

कुणाचा विजय?

"अवर व्हिक्टरी!"

मी आत गूळ फोडत होते. ऐकून खो खो हसले. तेव्हाच बाहेर जाऊन त्याला नीट समजावलं असतं तर, असं नंतर हजारदा वाटलं.

कारण ते साल तसलं होतं. आदल्याच डिसेंबरात देशभर दंगली पेटल्या होत्या आणि आमच्या समोरच एक मुसलमान कुटुंब राहत होतं. नवरा-बायको दोघंच. बाईंना आम्ही आपा म्हणायचो. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दहावीला मला नकाशे काढायला त्यांनीच शिकवलं, तेही कान पिळून.

दोन महिन्यांनी, मी जिथे टायपिस्ट होते त्या संस्थेच्या वाचनालयात एक परदेशी साप्ताहिक चाळत होते, तर समोर अण्णा! पानभर! कपाळाला गंध, मुठीत काठी, वर केशरी कापड. तांब्या, कडुनिंब, साखरेची गाठी सगळं वरच्या वर छाटलेलं. खाली ओळ: बंगलोरमध्ये विजयाचा झेंडा उभारणारा एक हिंदू, समोर राहणारे मुसलमान शेजारी घाबरलेले आहेत.

मेल्याला आमच्या घरचा गूळ खाऊन हेच सुचलं? मी तो अंक जुन्या गठ्ठ्यांच्या तळाशी सरकवला. पण शहरात असे आणखी किती आले असतील? आपांच्या शाळेत येत असला तर?

अण्णांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी संपादकाला दहा पानी इंग्रजी पत्र खरडून आगीत तेल ओतलं असतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "स्वल्प दम धर गं, लोक विसरतात." दम कसला धरतेय! आपांची खिडकी बंद दिसली की वाटायचं, वाचलं. हसून बोलल्या की वाटायचं, वाचूनही वरवर हसतायत. एकदा त्यांनी बकरी ईदचा शीरखुर्मा उशिरा पाठवला, तर मला दुपारचं जेवण गेलं नाही.

शेवटी गठ्ठ्यातून तो अंक काढून घरी आणला आणि एका रविवारी पिशवीत घालून समोर गेले. आपा पेपर तपासत बसल्या होत्या. मी पान त्यांच्यापुढे टाकलं आणि कन्नडमध्येच सुटले, "आपा, हे सगळं खोटं आहे हो! आमचे अण्णा असे आहेत का? तुम्हाला न विचारता त्याने मनाचं लिहिलंय!"

आपांनी फोटो बघितला. चष्मा वर केला.

"विचारलं होतं की. तुमच्याकडून निघाला तो सरळ इथेच आला. भीती वाटते का म्हणाला, मी हो म्हटलं."

"आमची?"

"छे गं! तुझ्या अण्णांचा विषयही निघाला नाही. त्यांचा फोटो आणि माझी भीती त्याने एकत्र बांधली, हा त्याचा लबाडपणा. पण भीती वाटत होती. डिसेंबरपासून यांना घरी यायला जरा उशीर झाला की मी सारखी दाराशी जाऊन बघायचे."

मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण आधी हायसंच वाटलं. मग मी वर तोंड करून विचारलं, "अहो, मग आम्हाला का नाही सांगितलंत? समोर तर राहतो."

आपांनी पुढचा पेपर ओढला.

"त्याने विचारलं, म्हणून सांगितलं. तुम्ही कुणी विचारलंच नाहीत."

त्या हिवाळ्यात ऑफिसातून येताना मी त्यांना रोज फाटकात उभं बघत होते. मी हात हलवायचे आणि घरात जायचे.