टीराचं ताटाळं

तार वाकेल की मोडेल, हे टीरा होल्मक्विस्त नुसती बोटांनी चाचपून सांगायची. एप्रनच्या खिशात मापपट्टी असायची खरी, पण ती बहुतेक पाठ खाजवायच्याच कामी यायची. तिचे वडील घरी बसून उंदरांचे सापळे आणि अंडी फेटायच्या फेटण्या करून विकायचे. सहा वर्षांची असल्यापासून ही त्यांच्यासमोर बसून तारा वळत होती. आमच्या हेल्लेब्रू गावात त्याचं नवल नाही. जमिनीत नुसते दगड, म्हणून घरटी एक तरी माणूस तार ओढतो नाहीतर वाकवतो. पण टीराची बोटं वेगळीच होती.

मी आस्ता. सिक्स्टेनच्या कारखान्यात तिच्या शेजारी माझी भट्टी. ती तारा जुळवून वेल्डिंगचे टाके मारायची, मी तो सांगाडा तापवून प्लास्टिकच्या भुकटीत बुडवायचे. भांडी धुण्याच्या यंत्रात ताटं उभी करायला जे ताटाळं असतं ना, ते आम्ही बनवायचो. शाळा-इस्पितळांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतली यंत्रं शहरातली एक कंपनी करायची आणि ताटाळी आमच्याकडून न्यायची. बावीस माणसं त्यावर पोट भरत होती. सिक्स्टेन मालक. टीरा आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे सगळा अरेतुरेचा मामला. रविवारी मात्र तो प्रार्थनाघरात प्रवचन करायचा आणि सोमवारी त्याच्याशी भांडताना जीभ जरा अडखळायची.

आमच्याकडे कागद करत नसत. शेजाऱ्याचं यंत्र बंद पडलं की आपलं द्यायचं, काम ठरलं की हातात हात द्यायचा, संपलं. कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. त्या बदल्यात एक रीत मात्र सगळे पाळायचे. ज्यानं वस्तू काढली, त्याचं नाव वस्तूला. आल्गोटचा आकडा. हुल्दाची फेटणी. हुल्दा जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी कंपनीच्या कॅटलॉगात तेच नाव छापून यायचं आणि दुकानातही लोक त्याच नावानं मागायचे. कॉफीच्या टेबलामागच्या भिंतीवर प्रत्येकाचा एक खिळा होता. काही नवीन जमलं की आपापल्या खिळ्याला अडकवायचं. दुसऱ्याच्या खिळ्याला कुणी हात लावत नसे.

सत्तर सालच्या हिवाळ्यात शहरातून ट्रक भरून मोडकी ताटाळी परत आली. कोपरे उसवलेले, प्लास्टिक फुटून आत गंज चढलेला. वसंतापर्यंत सुधारणा झाली नाही तर काम दुसरीकडे देऊ, असा निरोप सोबत होता.

सिक्स्टेन म्हणाला, "तार जाड घ्या. दीडपट जाड."

टीरा म्हणाली, "तार जाड केली की ताटाळं जड होणार, आणि जड झालं की बाया ते आणखी हिसडून ओढणार. जाड झालंय ते तुझं डोकं."

सगळे हसले, सिक्स्टेनसुद्धा. मग टीरानं आठवडाभर रजा टाकली आणि गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथली मुख्य बाई खमकी. "बघत काय उभी राहतेस? फडकं घे," म्हणाली. टीरानं फडकं घेतलं. आठवडाभर तीनशे पोरांची ताटं धुतली आणि परत आली ती कारण घेऊनच.

"आस्ता, त्यांच्या एका हातात कायम ताटांची चळत असते," ती मला सांगत होती. "मोकळा हात एकच, उजवा. त्या हातानं पुढचा उजवा कोपरा धरून हिसडा मारतात. आणि आपण चार तारांचा चौकोन जोडतो कुठे? बरोब्बर कोपऱ्यात!"

तिनं चौकोनाचं जोडकामच काढून टाकलं. एकच लांब तार चारही कोपऱ्यांतून वळवून नेली आणि तिची टोकं मागच्या बाजूला मधोमध जुळवली, जिथे कुणाचा हात पोचत नाही. ताटं उभी राहतात ते दांडे आधी सुटेसुटे असायचे. वरचं टोक कापलेलं, तिथेच प्लास्टिक फुटायचं. तिनं दोन-दोन दांडे एकाच तारेचे केले, केसात खोचायच्या आकड्यासारखे, म्हणजे कापलेलं टोक वर उरलंच नाही. आणि तळ मध्यभागी किंचित उचलून ठेवला, वजन पडलं की सपाट व्हावा म्हणून. लिहिताना तीन ओळी झाल्या. तिला जेवणाच्या सुट्ट्या आणि शनिवार धरून तीन महिने लागले. अकरा ताटाळी तिनं स्वतः मोडून भंगारात टाकली.

बारावं घेऊन ती माझ्याकडे आली आणि जमिनीवर ठेवून म्हणाली, "चढ."

"अगं, मोडेल!"

"मोडलं तर माझी चूक. नाही मोडलं तर तुझं वजन एकदाचं कारणी लागलं."

बूट काढून मी मोज्यांवर चढले, तिच्याच खांद्याचा आधार घेऊन. ती गुडघ्यावर बसून खाली वाकली, तळाखाली काडेपेटीतल्या काड्या सरकवून तळ किती दबलाय ते बघितलं. "आता उडी मार." मी उडी मारली. तिनं पुन्हा काड्या सरकवल्या, मग तिथेच फतकल मारून बसली आणि हसायला लागली. टीराला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ताटाळं तिच्या खिळ्यावर लागलं. दुसऱ्याच दिवशी सिक्स्टेन कॉफीला आला, त्यानं ते दोन्ही हातांनी पिळून बघितलं, उलटं केलं, कोपरा धरून हिसडा मारला.

"टीरा, हे शहरात दाखवून आणतो."

"ने की. पण नाव?"

"वेडी का तू? टीराचं ताटाळं! दुसरं काय म्हणणार?" त्यानं हात पुढे केला. तिनं एप्रनला पुसून आपला हात दिला. मी शेजारीच उभी होते.

त्या वसंतात टीरा बदलली. तिनं लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती, आईवडील गेलेले. एकदा भट्टीपाशी हात शेकत म्हणाली, "माझ्यामागे नाव घेणारं कोण आहे, आस्ता? आता निदान शाळेतल्या बाया म्हणतील, टीराचं दे गं इकडे." मग लाजली आणि कामाला लागली. कॅटलॉग कधी येणार म्हणून पोस्टमनला तिनं इतक्यांदा विचारलं, की तो तिला बघून सायकल दुसऱ्या बाजूनं न्यायला लागला.

मे महिन्यात कॅटलॉग आला. हुल्दाची फेटणी नेहमीच्या पानावर होती. पुढच्या पानावर पानभर मोठं ताटाळं, आणि खाली ठळक अक्षरांत: 'स्टेलान'.

स्टेलान म्हणजे सिक्स्टेनचा मुलगा. इंजिनियर होऊन नुकताच घरी आला होता. तार कुठून धरायची हे त्याला ठाऊक नव्हतं, पण आराखडे सुरेख काढायचा.

टीरा कॅटलॉग घेऊन थेट सिक्स्टेनच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"बैस टीरा, कॉफी घे."

"कॉफी नको. हे काय छापलंस?"

"अगं, शहरातल्या साहेबांना आराखडा लागतो, आकडेमोड लागते. ते सगळं पोरानं केलं. तू वाकवलंस, त्यानं रेखाटलं."

"माझ्या खिळ्यावरून काढून रेखाटलं."

मग सिक्स्टेन रविवारच्या आवाजात म्हणाला, "बुद्धी देवाची असते, बहिणी. ती तुझीही नाही आणि माझीही नाही."

"मग देवाचं नाव छापायचं होतंस. पोराचं कशाला छापलंस?"

ती बाहेर आली आणि टाके मारायला बसली. त्या दिवसाचं काम तिनं पुरं केलं. एका बाकावर शिकलेल्या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि तरी त्याच्या ताटाळ्यांचा एकही टाका तिनं कच्चा सोडला नाही. तेव्हा सिक्स्टेनचा संताप तिच्यापेक्षा मलाच जास्त आला. संताप यायला काय लागतं म्हणा.

मग तिनं आमच्याकडे कुणी करत नाही ते केलं. कंपनीला पत्र लिहिलं. ताटाळं माझं आहे, पैसे नकोत, नाव लावा. गावात कुजबुज सुरू झाली. टीरा कागदावर गेली! प्रार्थनाघरात तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. बाया म्हणायच्या, एवढं काय मोठं, एक ताटाळं तर आहे.

कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. रविवारी प्रार्थनेनंतर सिक्स्टेन आमच्या घरी आला, हातात एल्क हरणाच्या मांसाचं पुडकं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "हारी, तुला मुकादम करायचं माझ्या मनात आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आस्ता, शहरवाल्यांना भांडणं आवडत नाहीत. काम काढून घेतील. बावीस घरं आहेत." माझा नवरा, दीर, थोरला मुलगा, तिघंही त्याच्याच कामावर. ते मांस मी त्याच दिवशी शिजवलं. चवीला चांगलं होतं.

सोमवारी नऊच्या कॉफीला कंपनीचा माणूस टेबलाशी येऊन बसला. तपकिरी हॅट, बोलायला सभ्य. टेबलावर वेलचीचे पाव होते, पाहुण्यासाठी सात प्रकारची बिस्किटं होती. त्यानं टीराचं पत्र समोर ठेवलं आणि एकेकाला विचारत गेला: हे ताटाळं टीराबाईंना बनवताना तुम्ही पाहिलंत का?

कुणी म्हणालं, माझं लक्ष नव्हतं. कुणी म्हणालं, मी पलीकडच्या यंत्रावर असतो. तो माझ्याकडे वळला. टीरा माझ्या समोरच होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, टेबलाखाली माझ्या पायांकडे बघत होती. ज्या पायांनी मी तिच्या ताटाळ्यावर उडी मारली होती, त्या पायांकडे.

"मला काही आठवत नाही," मी म्हणाले. "ताटाळी खूप असायची."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले, एक बिस्कीट खाल्लं आणि गेला. टीरा उठली. पक्कड घेऊन तिनं भिंतीतला आपला खिळा उपटला आणि भंगाराच्या डब्यात टाकला.

त्यानंतर चौदा वर्षं ती तेच ताटाळं जोडत राहिली, निवृत्त होईपर्यंत. प्रार्थनाघरात पुन्हा कधी आली नाही. माझ्याशी बोलायची. थंडी, बर्फ, भट्टीचं तापमान, माझ्या नातवंडांचे दात. त्या सोमवारबद्दल एक अक्षर नाही. हारी मुकादम झाला. ताटाळी परदेशात जायला लागली. सिक्स्टेन वारला तेव्हा पाद्र्यानं त्याच्या घराण्याच्या कल्पकतेवर अर्धा तास भाषण केलं, आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

स्वतःची समजूत घालायला मला एक गोष्ट पुरत होती. सगळेच गप्प बसले होते. बाविसांतली मी एक. माझ्या एकटीच्या बोलण्यानं काय झालं असतं? माणूस रोज तेच म्हणत राहिलं की ते खरं वाटायला लागतं. तीस वर्षं मला ते खरं वाटत होतं.

मग टीरा वृद्धाश्रमात गेली. हारी वारल्यानंतरच्या वर्षी मी तिला भेटायला गेले. ती खिडकीशी बसली होती. बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. मी पाव आणले होते ते टेबलावर ठेवले आणि कोट न काढताच म्हणाले, "टीरा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"सिक्स्टेननं आमच्या घरी येऊन..."

"सिक्स्टेनचं सोड. तो शाळेतही माझं गणित उतरवून घ्यायचा. त्याचं मला फार काही वाटलं नाही."

"सगळेच गप्प होते गं," मी म्हणाले. माझं ठरलेलं वाक्य. "माझ्या एकटीनं काय..."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. ती नुसती दमलेली दिसत होती.

"तुला माझं दुसरं पत्र कुणी वाचून दाखवलं नाही ना कधी? पहिल्या पत्रावर कंपनीनं मला कळवलं होतं, ज्यानं बनवताना पाहिलं असं एक माणूस पुरे, त्याचं नाव द्या. बाकीच्यांना त्यानं उगीच विचारायचं म्हणून विचारलं. मी नाव एकच दिलं होतं, आस्ता. तुझं. खाली लिहिलं होतं, हिला विचारा, ही माझी मैत्रीण आहे, ही त्यावर उभी राहिली होती."

मला खुर्ची सापडेना. मी तशीच कोट घालून उभी राहिले.

"आता जा तू," टीरा म्हणाली. "माझी झोपायची वेळ झाली."

दुपारचे तीन वाजले होते.