मिठाच्या राशीतलं पठार

भूगर्भशास्त्राच्या तोंडी परीक्षेला दोन दिवस उरले होते. नापास झालो तर कॉलेज सुटणार होतं. जमीन दाबली की डोंगर उभे राहतात, हे पटत होतं. पण उंच पठार ताणलं गेलं की दोन भेगांमधला पट्टा खाली बसतो आणि दरी होते, हे काही केल्या कळेना. घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. शेवटी पनवेलजवळच्या आमच्या मिठागरावर जाऊन, भीतभीतच, बाबांना विचारलं.

त्यांनी ओल्या मिठाची रास केली, माथा फळीने थोपटून सपाट केला आणि बूड दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. माथ्यावर दोन भेगा पडल्या आणि मधला तुकडा अलगद खाली बसला.

"बूड पसरलं का माथा बसतो. आमी रोज शिव्या घालतो त्याला. तुज्या पुस्तकात हाच हाय ना?"

"हाच हाय, बाबा."

"मंग एवढ्या लांब कशाला जातोस शिकायला?"

परीक्षेत मी अडखळत त्या राशीचंच सांगितलं. सर हसले. "पास! पुढच्या वर्षी सगळा वर्ग तुमच्या मिठागरावर आणतो."

बाबांना ते सांगितलं, तर म्हणाले, "येऊं दे. पन चपला बांधावर काढायला सांग तुज्या सरांना."