आल्प्सचा एक इंच

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळू लागली की आधी नाकाच्या शेंड्याला थंडावा जाणवतो आणि मागाहून गोडसर, किंचित जळकट वास घशात उतरतो. उचगावच्या आमच्या घराला वर्षानुवर्षे हाच वास होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करीत. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी ते सागवानात घडवीत आणि वर लाखेचे हात देत. निवृत्तीनंतरही लाखेची बाटली उघडीच असे. आई वारली त्या आठवड्यात कुणीतरी त्या बाटलीला बूच लावले.

निवृत्त झाल्यावर आप्पांना आल्प्समधल्या एका अरुंद रुळांच्या गाडीचे वेड लागले होते. इंजिनाच्या काचेतून टिपलेली चित्रफीत दुपारभर मोबाइलवर चाले: बर्फ, बोगदा, पूल, आणि पुन्हा बर्फ. शेजारी लसूण सोलत आईही तेच पाही. त्या मार्गाची छोटी प्रतिकृती करायचे दोघांनी ठरवले आणि आठ फुटी प्लायवूड आणले. मग आई गेली. फळी भिंतीला टेकून राहिली, आप्पा कॉटवर. ‘जेवा’ म्हटले की जेवत, ‘झोपा’ म्हटले की आडवे होत. स्वतःहून एक शब्द नाही. माझेही फारसे वेगळे नव्हते. कॉलेजात कविता शिकवून घरी परतताना तासाला काय शिकवले ते आठवत नसे. रडू येत नसे. चहा गरम आहे की निवला, हेही पिऊन झाल्यावर कळे.

त्या मार्गाचा आराखडा मी करायला घेतला तो एवढ्याचसाठी, की आप्पांनी पुन्हा कशाला तरी हात लावावा.

मूळ रुळांमधले मीटरभर अंतर आमच्या फळीवर जेमतेम बारा मिलिमीटर होणार होते. डोंगर चढणारी गाडी सरळ वर जात नाही. वळसा घेत ती स्वतःच्याच वाटेच्या डोक्यावरून पुढे निघते. चढ जास्त दिला तर छोटी चाके जागीच घसरतात. कमी दिला, तर वरच्या पुलाखालून गाडी जाईल इतकी उंची साधत नाही. वळसा लांबवावा, तर दरीला जागा उरत नाही. मला बुद्धीने हे सारे समजत होते, जसे व्याकरण समजते. आप्पांना दिसेल अशा जागी, जमिनीवर खाकी कागद पसरून, मी रोज तासभर रेघा ओढी. कोरड्या त्वचेवरून नख फिरावे तशी पेन्सिल वाजे. आप्पा खिडकीबाहेर पाहत.

मापांसाठी मी त्यांच्या पेटीतली पोलादी पट्टी घेतली होती. तेलकट, थंड, तळहाताला जड. तीन आठवड्यांनी आराखडा पुरा झाला. फळी आडवी करून त्यावर तो अंथरला, तेव्हा एका टोकाला इंचभर कागद बाहेर आला. शेवटचे स्थानक हवेत लोंबत होते. कागद पुन्हा मोजला: बरोबर आठ फूट. त्याच पट्टीने फळी मोजली, ती इंचभर कमी. दुकानदाराने आखूड फळी दिली, असे मी ठरवून टाकले.

त्या दिवशी रविवार होता. आप्पांसोबत फाउंड्रीत मोल्डर असलेले, वाळूचे साचे करणारे, त्यांचे मित्र दर रविवारी येत, न बोलणाऱ्या माणसासमोर तासभर बोलत आणि जात. मी त्यांना आखूड फळीबद्दल सांगितले. त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरली आणि ते खोकला लागेपर्यंत हसले.

“पोरी, ही पॅटर्नची पट्टी हाय की. तुझा डोंगर काय लोखंडात वतायचाय व्हय?”

मग त्यांनी समजावले. ओतलेले लोखंड निवताना आक्रसते, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि हा थोडा मोठेपणा या पट्टीतच कोरलेला असतो. तिच्यावरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब, आठ फुटांत मिळून इंचभर. मग ते कॉटकडे वळले. “काय मिस्त्री, तुमची पोरगी असून हिला एवढं ठावं न्हाय? नुसत्या कवितांवरच वाढवली काय?”

तीन आठवड्यांची एकही रेघ खरी नव्हती. मला शरम वाटली नाही, वाईटही वाटले नाही. आज रविवार आहे असे कुणी सांगावे, तसे ते ऐकले आणि कागद गुंडाळू लागले.

कॉट करकरली. आप्पा उठून आले. माझ्याकडे न पाहता त्यांनी कागद पुन्हा उलगडला. अंगठ्याचे नख वळशावरून शेवटपर्यंत फिरवले, पुलापाशी थांबले, खाली परतले, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजले. मग कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि तळव्याने सुरकुत्या दाबल्या. टेबलावरची प्लास्टिकची साधी फूटपट्टी उचलून माझ्यासमोर ठेवली. आवाज कित्येक दिवस न वापरल्याने खरखरीत झाला होता, पण सूर तोच होता, चुकलेला सांधा हातात परत देताना कारागिरांशी बोलायचा. ते म्हणाले,

“पुन्यांदा.”