अरुणावतीच्या पाण्यावर भाड्याची नाव

ठक्क. ठक-ठक. ठक्क.

लाकडी डस्टर टेबलावर आपटून गुरुजी कवितेची लय धरून द्यायचे, आणि बोरी अरबच्या शाळेतली आम्ही चौथीची पोरं बाकांवर एकामागे एक बसून हवेत वल्ही मारायचो. कविता नावाड्याची होती. नाव मात्र आमच्यापैकी एकानेही पाहिली नव्हती. गावच्या नदीत उन्हाळ्यात म्हशीच्या पाठी भिजण्यापुरतंही पाणी नसायचं. पण डस्टर वाजला की वर्गात पाणी भरायचं. मला तर ते घोट्याला लागायचं.

साठाहून जास्त वर्षं झाली. मी कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून नोकरी केली, चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगत म्हातारा झालो आणि दारव्ह्याला घर बांधलं. माझ्या बाकावर शेजारी बसणारा रहीम पुढे मिस्त्री झाला. डिझेल इंजिन, मोटारी, फवारणीचे पंप, जे बिघडेल ते त्याच्या दुकानात येतं. दसऱ्यानंतर एका सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"वासू, आपण बेंचवरच नाव चालवत मरून जाऊ का बे?"

"मग?"

"मग काय. दिग्रसच्या अरुणावती धरणावर मासेवाले लोक दिवसभरासाठी नाव देतात म्हणे. जनाजा उठायच्या आधी एक डाव बसून घेऊ."

असा बेत ठरला. तुम्हालाही जायचं असेल तर उपयोगी पडेल ते सांगतो. दारव्ह्याहून सकाळी सातला निघालात तर दिग्रसला तर्री-पोहे गरम मिळतात. पुढे धरणाच्या काठापर्यंतचा रस्ता निम्मा डांबरी आणि निम्मा देवावर सोडलेला आहे. रहीमच्या जुन्या व्हॅनने तो पार केला, म्हणजे तुमची कोणतीही गाडी करेल. सहलीच्या ठिकाणासारखी खिडकी-तिकीट असली भानगड नाही. काठावर मासेमारांची जाळी वाळत असतात, तिथे विचारायचं. आम्हाला दिवसाचे आठशे सांगितले, रहीमने घासाघीस करून सातशे केले. लाइफ जॅकेट नव्हती, ट्रॅक्टरची फुगवलेली एक ट्यूब होती. तुम्ही जॅकेट घेऊन जा.

नाव पत्र्याची होती, दोन आडव्या फळ्या आणि बांबूची दोन वल्ही. नावाडी बंडूभाऊ, वय चाळीसच्या आसपास, काटक, हसरा. तो आला तेव्हा पाठीवरचा शर्ट ओला होता.

"पोहून आला का रे?" रहीमने विचारलं.

"नाही चाचा, फवारून आलो. सकाळीच आठ पंप मारले. बोंडअळीनं पिसाळले लोकं, थांबू देत नाहीत. चार दिस झाले, रोज तेच करून राह्यलो. पंप पाठीवर झिरपते थोडा."

"वायसर गेला असंन. घेऊन ये माह्याकडे, दोन मिनिटाचं काम हाय."

"यंदा कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली ना. वरतं फवारा मारला का आपल्याच तोंडावर येते."

तिघेही हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं.

त्याची बायको सुनीता काठावर जाळं निवडत होती. "जेवून तं जा," ती म्हणाली. त्याने हात हलवला आणि नाव लोटली.

पहिले दोन तास मी पुन्हा चौथीत होतो. पाणी गढूळ असेल असं वाटलं होतं, ते शेवाळी हिरवं आणि शांत निघालं. जुनी बुडालेली झाडं पाण्यातून काळे शेंडे काढून उभी होती आणि प्रत्येक शेंड्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून बसला होता. बंडू दर चार-पाच वल्ह्यांनी मान वळवून पुढे बघे. पाण्याखालची खोडं दिसत नाहीत, ती त्याला पाठ होती. "हे बाभूळ. हे पयस. इथं अंजन होतं." आमच्यासाठी सपाट असलेल्या पाण्यावर तो गावाचा रस्ता चालल्यासारखा चालला होता. मी शाळेतली कविता मोठ्याने म्हणायला लागलो तर रहीम म्हणाला, "हळू म्हण, मासे पळून राह्यले."

बाराच्या सुमाराला एका टेकाडाच्या बेटाला लागलो. भाकरी, झुणका, हिरवा ठेचा सोडला. बंडूने शर्ट काढून नावेच्या टोकावर वाळत टाकला, पण जेवला नाही. "मळमळते काका. उपाशीपोटी ऊन लागलं वाटते." कपाळावरून घाम नुसता ओघळत होता. मीही म्हणालो, "ऊनच लागलं. सावलीत पड जरा." वैदर्भीय माणसाला ऊन ओळखता येतं, हा माझा जुना गर्व.

अर्ध्या तासाने परत निघालो. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्याने वल्ही थांबवली.

"काका, धुकं पडलं का?"

लख्ख ऊन होतं. पाण्यावर डोळा ठरत नव्हता.

"कुठं धुकं?" मी म्हणालो.

"मले शेंडे दिसून नाही राह्यले," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी नाव खाली कशाला तरी घासली. पत्रा किंचाळला. नाव कलली, सावरली. बंडूच्या तोंडातून लाळ गळत होती. ती त्याने पुसली, पुन्हा गळली. दंडावरचे स्नायू आपोआप थरथरत होते, जनावर माशी उडवताना कातडी थरथरवतं तसे. मग तो फळीवरून खाली घसरला.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहितो. टोकावर वाळत असलेला त्याचाच शर्ट ओढला, धरणाच्या पाण्यात बुडवला, आणि गार लागावा म्हणून त्याच्या डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला. वर ओंजळीने पाणी घालत राहिलो. "ऊन लागलं रे बाबा, घाबरू नको, ऊनच लागलं," असं पुन्हा पुन्हा म्हणत होतो. त्याचा श्वास घरघरायला लागला तरी मी तो शर्ट पुन्हा भिजवून गुंडाळला.

रहीम पुढच्या टोकाकडून सरकत आला, वाकला, आणि त्याने नाक आक्रसलं.

"वासू! काय गुंडाळून राह्यला त्याच्या तोंडाले? अबे ही दवाई हाय! मी रोज पंप खोलतो, हा वास मले ठाऊक नाही का? काढ तो शर्ट!"

आमच्याकडे पिकावरच्या विषाला दवाई म्हणतात. पोटात गेली तरच ती मारते, असं अख्खा जिल्हा धरून चालतो, आणि मीही त्यातलाच. शर्ट ओढून काढला तेव्हा माझ्याच बोटांना तो उग्र, गोडसर वास आला. घाईत मी नावेतलं पाणी उपसायचा डबा उचलला, त्याचं अंग धुवायला.

"तो नको!" रहीम ओरडला. डब्यावर अर्धवट फाटलेलं लेबल होतं, लाल त्रिकोणाचं, दवाईच्या डब्यांवर असतं तसं.

शेवटी जेवणाच्या डब्याने आम्ही त्याचं तोंड, मान, पाठ धुतली, कितीदा ते माहीत नाही. त्याला कुशीवर वळवलं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

आता वल्हवणार कोण? रहीमचा खांदा दोन वर्षांपासून उचलत नाही. मी फळीवर बसलो. बाकावर वल्हवणं आणि पाण्यावर वल्हवणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नाव जागच्या जागी गोल फिरली. एकदा, दोनदा.

"डावा काठ जवळ हाय, तिकडं घे," रहीम म्हणाला.

बंडू खालून पुटपुटला, "तिकडं नाही... गाळ हाय... रस्ता नाही..."

जवळ काठ होता आणि तिथून पुढे नुसती पऱ्हाटी. लांब होता तो सकाळी निघालो तो घाट, पण घाटावर गाडी होती. मी घाट धरला. तो निर्णय बरोबर होता की नाही हे मला वल्हवताना कळत नव्हतं. रहीम टोकाशी उकिडवा बसून पाण्यात बघत होता. "डावं! आता उजवं! थांब, खोड हाय! चल!" एका हाताने तो फोन वर धरून रेंज शोधत होता. माझी दोन्ही वल्ही एका वेळी पाण्यात पडत नव्हती. मग मी तोंडाने ठक्क, ठक-ठक, ठक्क सुरू केलं. कवितेचे शब्द एकही आठवले नाहीत, पण ठोके होते. हात त्यांच्या मागे गेले आणि नाव सरळ झाली. तळहातांची सालं निघाली. मधेच बंडूची घरघर थांबली की मीही थांबायचो. रहीम म्हणायचा, "चालू हाय, चालू हाय, तू हाण."

घाटावर सुनीता उभीच होती. नाव वेडीवाकडी येताना तिने लांबूनच ओळखलं होतं की वल्ह्यावर नवरा नाही. तिघांनी मिळून त्याला व्हॅनमध्ये टाकला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बराच रस्ता गेल्यावर एवढंच विचारलं, "काका, ह्यानं काही पेलं तं नाही ना?"

"नाही बेटा. आमच्यासोबतच होता पूर्ण वेळ."

दवाखान्यात डॉक्टरांचाही पहिला प्रश्न तोच होता, "किती प्यायला?" आमच्याकडे दवाई पिऊन इतके लोक येतात की हा प्रश्न आधी विचारावा लागतो, त्यांचा दोष नाही. मी सांगितलं, प्यायला नाही, चार दिवस फवारतोय, शर्ट भिजलेला होता. तो शर्ट मी त्याच्या तोंडाला बांधला होता, हे सांगितलं नाही. त्यांनी सुया टोचल्या, नळी लावली, आणि ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन यवतमाळला गेली. सुनीता सोबत गेली. आम्ही दोघे संध्याकाळी घरी आलो. मी घराशी उतरताना रहीम म्हणाला, "मलेही आधी वास आला नाही, वासू. वारा उलटा होता."

ही गोष्ट चार दिवसांपूर्वीची. पहिले दोन दिवस फोनवर एकच उत्तर येत होतं, "तसाच हाय." काल रात्री रहीमने सांगितलं, नळी काढली, बोलतो आहे. तेव्हा कुठे हे लिहायला बसलो. तुम्ही अरुणावतीवर जरूर जा. तळहाताची सालं भरून येतायत. पाणी सुंदर आहे, हे मला अजूनही नाकारता येत नाही, आणि त्याच पाण्यात मी तो शर्ट दोनदा बुडवला हेही नाही. रहीम म्हणतो, माणूस वाचला ना, मग विसर. तो बहुतेक बरोबर असेल.

एवढं लिहून होत होतं तोच कडी वाजली. दारात सुनीता उभी. पायांवर धूळ, हातात औषधांची रिकामी पिशवी. माझा चेहरा बघून तीच घाईने म्हणाली, "बरे हायेत ते. भाकर मागून राह्यले. मिस्त्रीचाचानं तुमचं घर सांगतलं."

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली, पण बसली नाही.

"काका, परवा सुट्टी देतात म्हणे. वावरवाल्याचा फोन आलता, चार एकर बाकी हाय. हे म्हणतात, जातो. डॉक्टरनं सांगतलं, मीनं सांगतलं, ऐकतच नाहीत. म्हणतात, दवाईनं काही झालं नाही मले. नावेत काकाच म्हणत होते, ऊन लागलं."

मी टेबलावरची लिहिलेली पानं उलटी करून ठेवली.

"तुमचं ऐकतीन ते," ती म्हणाली. "तुम्ही येऊन सांगता का, काय झालतं ते?"

यवतमाळची पुढची गाडी सव्वाचारला आहे. मी सदरा चढवतो आहे.