उडीद बुडेल एवढंच पाणी

"मॅडम, बाबांना रोज ठसका लागतोय आणि तुम्ही म्हणताय सगळं ठीक आहे!" मंदार खुर्चीतून अर्धा उठला होता. "पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

त्याचे बाबा, त्र्यंबकेश्वरचे गुरुजी, शेजारी निवांत बसले होते. मी चमच्याने पाणी दिलं, ते प्यायले. कपातून दिलं, तेही प्यायले. ठसका नाही, घशात घरघर नाही. माझ्यासमोर ठसका न लागणारा पेशंट म्हणजे मेकॅनिकसमोर गुपचूप चालू होणारी स्कूटर.

मी नाशिकला स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं आमचं काम फक्त तोतरेपणाचं. पण आवाज निघतो त्याच घशातून घासही जातो, म्हणून गिळण्याचे पेशंटसुद्धा आमच्याच वाट्याला येतात. गुरुजींना पार्किन्सन्स होता. हात इतका थरथरायचा, की अक्षता नवरा-नवरीऐवजी बँडवाल्यांवर पडायच्या. मग मुंबईला ऑपरेशन झालं, डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं. मेंदूत बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. तिच्या हलक्या करंटने थरथर आवरते. गुरुजी तिला इन्व्हर्टर म्हणायचे. "लोडशेडिंगमध्ये अख्ख्या नाशकात मी एकटा चालू!"

हात खरंच स्थिर झाला. पण आता पूजेला बसले, की पहिल्याच आचमनाला जोरदार ठसका. यजमान एकमेकांकडे बघायला लागले. नातीच्या होणाऱ्या सासरच्यांनी तर गोड आवाजात सुचवलं, "आमचे गुरुजी आणतो ना. तुम्ही आराम करा." म्हाताऱ्याला ते फार लागलं. ते लग्न स्वतः लावायचं, म्हणून तर त्यांनी डोक्याला भोकं पाडून घेतली होती.

मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. या ऑपरेशननंतर गिळणं कुणाचं सुधारतं, कुणाचं तसंच राहतं, कुणाचं बिघडतंसुद्धा.

"सर, सेटिंग बदलून बघायचं का?"

"करंट कमी करता येईल. पण थरथर परत येऊ शकते. आधी नक्की कशाने ठसका लागतो ते बघा."

मी फोन ठेवला. गुरुजींनी स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. "करंटला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "लग्नात परत बँडवाल्यांना अक्षता? नको."

"मग घरची पूजेची भांडी घेऊन या. जसं करता तसं माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ताम्हन, पंचपात्र आणि पळी मांडली गेली. आचमन म्हणजे पूजेच्या सुरुवातीला देवाचं नाव घेऊन तळहातावरचं पाणी प्यायचं. तीनदा प्यायचं, चौथ्यांदा ताम्हनात सोडायचं. गुरुजींनी डाव्या हाताने पळी भरली, उजव्या तळव्यावर ओतली. परत भरली. परत ओतली. तळहात काठोकाठ भरला. "केशवाय नमः" म्हणून त्यांनी मान मागे टाकली आणि सगळं एका दमात घशात रिकामं केलं.

मग जो ठसका लागला, त्यात माझं लेटरहेड भिजलं.

"गुरुजी, एवढं पाणी?"

"अहो, अर्धं सांडतंच की." ते डोळे पुसत म्हणाले आणि तिथेच थांबले. आधी हाताकडे बघितलं, मग ताम्हनाकडे. ताम्हन कोरडं होतं.

सगळी गंमत तिथेच होती. इतकी वर्षं हात थरथरायचा, म्हणून गुरुजी दुप्पट घ्यायचे आणि उरलेलं सांडायच्या आत झटकन तोंडात टाकायचे. हात दुरुस्त झाला, सवय तीच राहिली. ऑपरेशनने सांडणं थांबवलं आणि तळहातावरचं सगळं पाणी आजारी घशावर आदळायला लागलं.

"शास्त्रात किती पाणी सांगितलंय?" मी विचारलं.

गुरुजी ताठ बसले. "उडदाचा दाणा बुडेल एवढंच. सगळ्या यजमानांना मी हेच सांगतो."

"बाबा, यजमानांना सांगता?" मंदारने कपाळावर हात मारला.

माझं प्रिस्क्रिप्शन गुरुजींनीच देऊन टाकलं होतं. मी त्यात एवढीच भर घातली: मान मागे टाकायची नाही, हनुवटी खाली. घोट पूर्ण उतरेपर्यंत पुढचं नाव नाही. गुरुजींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, घरी त्यांच्या तळहातावर उडीद ठेवून पाणी मोजायला सुरुवात केली. प्यायच्या आधी तो काढायचा, हे मी दोनदा बजावलं. ऑपरेशनच्या आनंदात त्या चहाचा कपही काठोकाठ भरायला लागल्या होत्या. तोही पुन्हा अर्धा झाला.

लग्नाला मी गेले. गुरुजी आचमनाला बसले तेव्हा मी त्यांच्या हनुवटीकडेच बघत होते. केशवाय. नारायणाय. माधवाय. तिन्ही घोट बिनबोभाट उतरले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग कन्यादानाआधी मुलीच्या बापाची आचमनाची पाळी आली. मंदार बिचारा इतका घाबरलेला, की तळहातभर पाणी घेऊन गटकन प्यायला. असा ठसकला, की व्याही पाठ थोपटायला धावले.

गुरुजींच्या समोर माइक चालू होता. "मंदार, उडीद बुडेल एवढंच," अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

तेव्हापासून या ऑपरेशनचा पेशंट आला, की काय सुधारलं एवढं विचारून मी थांबत नाही. काय सांडायचं बंद झालं, तेही विचारते.