दाखल्यावरचं वय

एका सकाळी मी धारा काढत होते. डेअरीच्या दूधवाल्याची मोटारसायकल गोठ्याच्या दारापर्यंत आली, तरी आमचा कुत्रा उठला नाही. त्या गाडीवर भुंकल्याशिवाय त्याचा दिवस कधी उजाडला नव्हता. मी बादली बाजूला सारली आणि आधी त्याच्या पोटाकडं बघितलं, हलतंय का. हलत होतं. हाक मारली, ऐकली नाही. जवळ जाऊन पाय आपटला तेव्हा डोळे उघडले, आणि मग चुकल्यासारखा होऊन गाडी निघून गेल्यावर उगाच दोनदा भुंकला.

आमची वस्ती देवळाली प्रवरेच्या शिवारात. तिन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. पहाटे गोठ्याकडं जाताना कायम कुत्रा पुढं आणि मी मागं. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, बिबट्यानं मान धरू नये म्हणून लोहाराकडून करवून घेतलेला. मुलगी नोकरीला पुण्यात, आमच्या ह्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. कुत्र्याचेही कान गेले, तर वस्तीवर धड ऐकणारी मी एकटीच उरणार होते. पण खरं सांगायचं तर भीती बिबट्याची नव्हती. हा कुत्रा म्हातारा झाला आणि मला ते दिसलंच नाही, याची होती.

त्याच आठवड्यात विमावाला आला. आमच्या गाईंचा विमा दरवर्षी तोच उतरवतो. बोलता बोलता म्हणाला, ''काकू, आता कुत्र्याचाबी निघतो. आजारपण, ऑपरेशन, समदं त्यात. फकस्त सात वर्षांच्या पुढचा नवीन घेत न्हाईत.''

तो गेल्यावर ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ''कशाला पायजे? गाय गेली तर विम्यात दुसरी येती. ह्याच्या जागी काय आनशील?''

''मेल्यावर कायतरी मिळावं म्हनून न्हाई काढायचा,'' मी म्हटलं. ''मरू नये म्हनून काढायचाय.''

''आन वय?''

''वयाचं मी बघते.''

आठ दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी माझंच खरं झालं, कारण मी बोलायची थांबत नाही आणि हे ऐकून कंटाळतात.

आता हे वयाचं मी कसं बघणार होते, ते सांगते. माझे वडील जनावरांच्या बाजारातले जुने माणूस. लहानपणी त्यांच्याबरोबर मी घोडेगावच्या बाजाराला जायची. चौथ्या वेताची, म्हणजे चारदा व्यालेली, गाय बाजारात कायम दुसऱ्या वेताची असते, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मनातल्या मनात दोन वेतं वाढवतो आणि व्यवहार होतो. जनावराचं खरं वय सांगणारा माणूस आमच्याकडं एक तर येडा, नाहीतर त्याला जनावर विकायचंच नाही. त्यामुळं यात आपण खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही.

दाखला द्यायला राहुरीहून एक तरुण डॉक्टर आले. मी तयारीत होते. गाईच्या कानात विम्याचा बिल्ला मारतात, तसा कुत्र्याच्या कानातही मारणार, असं मी धरून चाललेले. म्हणून कुत्रा गाई अडकवायच्या लाकडी खोड्यात नेऊन बांधला होता आणि कानाला लावायला वाटीत हळद कालवून ठेवली होती. डॉक्टर ते बघून पोट धरून हसले. ''काकू, सोडा त्याला. कुत्र्याला बिल्ला नसतो, नुसता फोटो लागतो.'' मला ओशाळल्यासारखं झालं. त्यातच त्यांनी विचारलं, ''वय किती?''

''सहा,'' मी म्हटलं. एवढा वेळही नाही लागला.

खरं तर तो आला तेव्हा आमची मुलगी दहावीला होती. आता तिच्या नोकरीलाच पाचवं वर्ष चालू आहे.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. ''दात बरेच झिजलेत.''

''हाडं लई फोडतो.''

''आणि तोंड एवढं पांढरं?''

''आईवर गेलाय.'' त्याची आई मी जन्मात बघितलेली नाही.

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले आणि सही केली. हे गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. नंतर एवढंच म्हणाले, ''लई सफाईनं बोललीस.'' आणि मला, लाज वाटायची सोडून, बरं वाटलं.

दोन-तीन महिने गेले. एका दुपारी ओट्यावर बसून मी त्याचे गोचीड काढत होते, तर पुढच्या पायाच्या बगलेत हाताला गाठ लागली. लिंबाएवढी. मी दुसरी बगल चाचपली, तिथं काही नव्हतं. परत पहिली चाचपली. तो आरामात पाय ताणून पडला होता, त्याला वाटलं मी लाड करतेय.

पिकअपवाल्याला बोलावून राहुरीला नेलं. डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि म्हणाले, ''काढून टाकू, वाढायच्या आत. गुरुवारी आणा. म्हातारा असता तर आधी नगरला पाठवून हृदय तपासून घेतलं असतं, भूलही फार बेतानं द्यावी लागली असती. हा सहाचाच आहे, सहज सोसेल. आणि विमा आहेच तुमचा.''

मी मान हलवली.

घरी आले ती गुरुवारपर्यंत माझी मी नव्हते. खरं सांगावं, तर विमा गेला. डॉक्टरांच्या सहीला बट्टा लागला. उद्या ते म्हणाले, एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला मी हातच लावत नाही, तर गाठ तशीच राहिली. आणि नाही सांगावं, तर ते सहा वर्षांच्या कुत्र्याची भूल माझ्या म्हाताऱ्याला देणार. मी स्वतःची समजूत घालायला लागले. मुलगी दहावीला होती की नववीला? तेव्हा तो पिल्लू तरी होता का? मग वाटलं, नववीला असली तर उलट वर्ष वाढतंयच की. जेवताना मी त्याला जास्तीची भाकरी घालायची आणि तो कसा खातो ते बघत बसायची. एकदा त्याच्या छातीला कान लावला. धडधड ऐकू आली, पण ती माझी की त्याची ते कळेना.

आमचे हे सगळं बघत होते. बुधवारी म्हणाले, ''सांग की डॉक्टरला.''

''तुमी सांगा.''

''मी कशाला? मी न्हवतो बोललो सहा.''

मी त्यांच्यावर जाम चिडले. दिवसभर भांडी आपटली. पण म्हणाले ते खरंच होतं.

गुरुवारी हे गाईंपाशी थांबले आणि मी एकटीच त्याला घेऊन गेले. टेबलावर त्याला आडवा केला. बगलेतले केस काढले, तिथली कातडी गुलाबी निघाली, अगदी पिल्लाची असते तशी. त्याला काही वाटत नव्हतं. माझ्या हाताला दुधाचा वास येत असणार, तो चाटत होता. डॉक्टरांनी बाटली उलटी धरून इंजेक्शन भरलं. वजन बघितलं, कागदावरचं वय बघितलं आणि आणखी थोडं भरलं.

''डॉक्टर, थांबा,'' मी म्हटलं. ''तो सहाचा न्हाई.''

त्यांचा हात तसाच राहिला. ''मग?''

''अकरा झाली. बारावं लागलंय.''

त्यांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, ''काकू, मी तुमच्या शब्दावर सही केली होती.''

मला रडू आलं. टेबलाला धरून, कुत्र्यासमोर, पिकअपवाल्यासमोर मी रडले. बाजारात घेणारा मनातल्या मनात वय वाढवून घेतो. ह्या पोरानं काहीच वाढवलं नव्हतं. मी सांगितलं ते त्यानं खरं धरलं होतं, आणि त्यावर औषध भरलं होतं.

मग नगरला नेलं. तपासण्या झाल्या. हृदय दमलेलं निघालं. पुढच्या आठवड्यात बेताची भूल देऊन, मध्ये मध्ये थांबून, त्याच डॉक्टरांनी गाठ काढली. मला म्हणाले, त्या दिवशी भरलं होतं तेवढं दिलं असतं, तर... आणि हात धुवायला वळले. दाखला रद्द करायचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, खरं वय घालून. विमा गेला. त्याचं मला काडीचंही वाटलं नाही.

निघताना मी विचारलं, ''किती काढील आता?''

''नीट सांभाळलात तर वर्षभर,'' डॉक्टर म्हणाले.

घरी पोचले तेव्हा हे संध्याकाळच्या धारा उरकून ओट्यावर बसले होते. पिकअपमधून कुत्र्याला उतरवून घेतलं, टाक्यांवरून हलकेच हात फिरवला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, ''किती वर्षं म्हनला डॉक्टर?''

''चार-पाच आरामात,'' मी म्हटलं. एवढा वेळही नाही लागला.

ते माझ्याकडं बघत राहिले. बाजार त्यांनीही आयुष्यभर केलाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर हे माझ्या आधी तयार. डोक्याला मफलर, एका हातात काठी, एका हातात बॅटरी. गोठ्याच्या वाटेवर ते पुढं झाले, ऐकू येतं तो कान उसाकडं करून. कुत्रा त्यांच्या पुढं जायला बघत होता. मी त्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी धरून त्याला माझ्याबरोबर मागं ठेवला.