दोरा पुसू नका

जगातल्या निम्म्या भांडणांचं मूळ एकच आहे, असं माझे दाजी मानतात: माणसं वस्तू बदलतात आणि नंबर मात्र जुनाच ठेवतात. दाजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्रॉइंग तपासतात. तिथला नियम असा, की साध्या वॉशरचं भोक केसभर मोठं केलं तरी ड्रॉइंगवर नवं अक्षर चढतं. बदल कुणी केला आणि का केला, हे कोपऱ्यातल्या चौकटीत लिहावं लागतं आणि जुनं ड्रॉइंग कधीच फेकलं जात नाही. कारणाची चौकट रिकामी असली तर दाजी कागद परत पाठवतात, मग तो साहेबाचा का असेना. बाकीचे इंजिनियर हा नियम संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येतात. दाजी तो घरी आणतात. एकदा वांगी मिळाली नाहीत म्हणून ताईने झुकिनीत मसाला भरला, तर पहिल्याच घासाला दाजींचा हात थांबला. "चव उत्तम आहे. पण याला भरलं वांगं म्हणू नकोस. बदल कर, नंबरही बदल." तेव्हापासून ताई वाढताना "भरलं वांगं, ब" असं जाहीर करते. मिशी काढली तेव्हा त्यांनी मिरजेला नवा फोटो पाठवला आणि मागे लिहिलं, "आवृत्ती ब. जुना फोटो फेकू नये." ताईच्या सासूबाईंनी तो फोटो कुणालाही दाखवला नाही.

शांत बसलेले दाजी मी हे सगळं घडेपर्यंत पाहिले नव्हते. मी न्युरेम्बर्गला पीएच.डी. करत होते आणि शनिवार-रविवारी गाडी पकडून ताईकडे जेवायला जात होते. जेवताना टेबलाखाली दाजींचा उजवा पाय सतत हलायचा, त्यामुळे त्या घरातल्या आमटीला नेहमी बारीक लाटा असायच्या. जेवण झालं की ते स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारत आणि फेऱ्या मारताना सिनेमाबद्दल बोलत. त्या घरात 'सिनेमा' म्हटलं की एकच. बाकी सगळे 'पिक्चर'. तो एक जुना अंतराळपट होता. यानात बिघाड होतो, म्हातारा मेकॅनिक दुरुस्तीसाठी कमरेला दोर बांधून बाहेर जातो, दोर तुटतो आणि तो काळोखात तरंगत लांब लांब जातो. आणि मग, दाजी बाल्कनीच्या दारात वळून म्हणत, "मग दार उघडतं, मेव्हणीबाई! आणि तो आत येतो. काही बोलत नाही. टेबलाशी बसतो आणि संत्रं सोलतो. कसा आला, ते सिनेमा सांगत नाही. हिंमत लागते असं न सांगायला!" त्यांच्याच सांगण्यात शेवटी यान पृथ्वीवर उतरतं तेव्हा तो म्हातारा दिसत नाही, अशी शंका मी एकदा काढली. दाजींकडे उत्तर तयार होतं. "तो खाली इंजिनात आहे. काम करतोय."

आपण हा सिनेमा आयुष्यात एकदाच पाहिला, लहानपणी मिरजेला, वडिलांच्या शेजारी बसून, हे ते अभिमानाने सांगत. जर्मन टीव्हीवर तो अधूनमधून लागायचा, पण जर्मन आवाजात. म्हणजे पुन्हा बदल आणि नंबर तोच. दाजी टीव्ही बंद करत. त्या एकदाच पाहिलेल्या सिनेमातली त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट होती एक चूक. मेकॅनिक काळोखात जातो तेव्हा तो खरा माणूस नसून लहानसा पुतळा असतो आणि तो ज्या दोऱ्याने टांगलाय तो दोरा पडद्यावर स्पष्ट दिसतो. "माझे वडील म्हणाले होते, घाबरू नको, वरून दोरा आहे बघ. कमरेचा तुटला, वरचा आहे ना!"

अशा माणसाच्या कानावर बातमी आली, की तो सिनेमा नवा करून पुन्हा लावणार आहेत. संगणकावर ज्वाळा घातल्यात, एक जादा ग्रह घातलाय, आणि दोरा पुसलाय. शिवाय यापुढे जुनी प्रत कुणालाही देणार नाहीत. आमटीला त्या दिवशी लाटा नव्हत्या, वादळ होतं. "अहो, चित्रकार आपल्या चित्रावर पुन्हा रंग देतोच की," ताई म्हणाली. "देऊ दे! दहा ग्रह घाल म्हणावं. पण नाव तेच आणि जुनं गायब? आमच्याकडे असं केलं तर नोकरी जाते."

मला मात्र स्फुरण चढलं. आमचं बालपण युनियनच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. आमचे बाबा चहाच्या आधी शाई हुंगत. मी त्याच दुपारी पत्रक लिहायला घेतलं. 'दोरा पुसू नका' हा मथळा, आणि खाली: जे लोकांनी पाहिलं ते लोकांचं झालं. ज्याने बनवलं त्याला नवं बनवायचा हक्क आहे. लोकांनी काय पाहिलं ते खोडायचा हक्क त्याला नाही. आज सिनेमातला दोरा पुसतील, उद्या इतिहासातली माणसं पुसतील. ताई वाचून म्हणाली, "तू अगदी बाबांवर गेलीयस. इतिहास कशाला आणलास मध्ये?" माझं आजही म्हणणं आहे की इतिहास तिथे हवाच होता.

या सगळ्यात एकच माणूस आमच्या बाजूने नव्हतं: माझी भाची, सई. तिचा अख्खा वर्ग नवा सिनेमा पाहायला निघाला होता आणि दाजींनी तिला मनाई केली होती. "तू पहिल्यांदा बघशील तो खरा बघशील. माझ्या शेजारी बसून." सईला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. "आल्झो, बाबा, तू तो एकदा बघितलास, माझ्याएवढासुद्धा नव्हतास, आणि आता मी सगळ्यांना काय सांगू? आमच्या घरी एका दोऱ्यावरून भांडण चालू आहे म्हणून?" दार आपटलं. दाजी बाल्कनीत उभे राहून बंद दाराकडे पाहत होते. "तिला एकदा दाखवला पाहिजे," ते मला हळूच म्हणाले. "बाकी माझ्याकडे तिला देण्यासारखं काय आहे, सांगा? ड्रॉइंग?"

न्युरेम्बर्गच्या मोठ्या थिएटरबाहेर आम्ही पत्रकं वाटली. त्याआधी दाजींनी नगरपालिकेच्या ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे सुव्यवस्था खात्याला, फोन करून विचारलं होतं, की दोन माणसं हातात कागद घेऊन उभी राहिली तर तो जमाव होतो का. होत नाही, असं कळल्यावर त्यांनी त्या साहेबाचं नाव लिहून घेतलं. एका आजोबांनी अख्खं पत्रक वाचलं आणि विचारलं, "हे पार्किंगबद्दल आहे ना?" पण एक सत्तरीच्या बाई थांबल्या. त्यांचं स्टेशनमागे छोटं थिएटर होतं, प्रोजेक्टर त्या स्वतःच चालवत. पत्रक घडी करून खिशात घालत म्हणाल्या, "पहिल्या वेळची प्रत माझ्या तळघरात आहे. मूळ इंग्रजी आवाजातली. रविवारी सकाळी लावते."

रविवारी आम्ही चौघं मधल्या रांगेत बसलो. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सई हाताची घडी घालून त्यांच्या शेजारी. त्यांचा पाय असा हलत होता की अख्खी रांग थरथरत होती. संत्र्याचा प्रसंग आला, पण फार लवकर आला. दार उघडून म्हातारा आत आला, सगळ्यांशी हसत संत्रं सोलायला लागला आणि अजून काहीच बिघडलं नव्हतं. दाजी पुढे सरकले. मग बिघाड झाला. मग दोर तुटला. पुतळा काळोखात गेला, वर दोरा लखलखीत दिसला. सईसुद्धा हसून जर्मनमध्ये म्हणाली, "तो बघ, दोरा!" दाजी दाराची वाट पाहत होते. दार उघडलं नाही. यान पृथ्वीवर उतरलं, कप्तानाने म्हाताऱ्याची टोपी छातीशी धरली आणि दिवे लागले.

दाजींचा पाय थांबला होता.

"काहीतरी कापलंय," मी ताडकन उठून म्हणाले. मालकीणबाईंनी मान हलवली. त्यांच्या प्रतीतला एक तुकडाही हललेला नव्हता. तेव्हा दाजीच बोलले, ऑफिसात चूक सापडल्यावर बोलत असतील तशा आवाजात. "मिरज आणि सांगली मिळून एकच प्रत असायची. तिकडे एक डबा संपला की मोटरसायकलवरून इकडे यायचा. त्या दिवशी मधला एक डबा मागे राहिला, पुढचा आधी आला. दिवे लागले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. ऑपरेटरने हातात होता तो पुढचा डबा लावला. आधीचा मागून लावला." बाई हसल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर! माझ्याकडूनही झालंय तसं. कुणाला कळत नाही." दाजींनी त्यांचे आभार मानले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

सईने विचारलं, "बाबा एवढा का..." तेव्हा ताईने सांगितलं. सईचे आजोबा ट्रक चालवायचे. आठवडेच्या आठवडे घरी नसत. मध्ये सुट्टीला आले तेव्हा मुलाला त्या सिनेमाला घेऊन गेले. संत्र्याच्या प्रसंगाला त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "आला की नाही परत? मग!" पुढच्या खेपेला ट्रक परत आला. दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

त्यानंतर कित्येक आठवडे त्या घरातली आमटी स्तब्ध होती. माझं पत्रक बरोबर होतं, आजही आहे. तरी मी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं की मला खोलीत फेऱ्या माराव्याशा वाटायच्या.

नव्या सिनेमाची डीव्हीडी निघाली तेव्हा सईने ती गुपचूप आणली आणि दार लावून कितीतरी रात्री संगणकावर कापत-जोडत बसली. एका रविवारी जेवणानंतर तिने टीव्ही लावला. ज्वाळा होत्या, जादा ग्रह होता. ज्याच्याविरुद्ध मी थंडीत उभी राहिले होते तेच सगळं. मी तोंड उघडणार इतक्यात ताईने माझा हात दाबला. दोर तुटला. म्हातारा काळोखात गेला, त्याच्या वर काही नव्हतं, नुसता काळोख. आणि दार उघडलं. तो आत आला, हसत, आणि संत्रं सोलायला लागला.

"बाबा, आला परत," सई म्हणाली. मराठीत.

दाजी पडद्याकडे झुकले. "दोरा नाही," ते म्हणाले. मग थांबून, "पण आला." टेबलावरच्या पेल्यातलं पाणी बारीक हलायला लागलं होतं.

मग त्यांनी चकती मागून घेतली, मार्कर काढला आणि आपल्या सरळ, उभ्या अक्षरात लिहिलं: आवृत्ती क. बदल: सई. त्याखाली 'कारण' असं लिहून चौकट आखली, मार्कर तिच्यावर धरून ठेवला, आणि टोपण लावून टाकलं. चौकट तशीच रिकामी राहिली.